घाटघरचं पाणी कोणत्या रकान्यात?

प्रति,
विज्ञान विषय समितीचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे



नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत. आज ना उद्या दहावीच्या विज्ञानाची पाळी येईल आणि भाग दोनमधला पाचवा धडा, ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’, तुमच्या टेबलावर पुन्हा उघडला जाईल. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून लिहिते आहे. खासगी पत्र फायलीत जातं. उघड लिहिलं तर निदान इतर शिक्षक तरी वाचतील, म्हणून खुलं.

धडा वाईट नाही, हे आधी सांगते. औष्णिक, अणू, नैसर्गिक वायू, जलविद्युत, पवन, सौर अशा एकेका केंद्राची आकृती देऊन जनित्र कुठे वाफेने फिरतं, कुठे पाण्याने, कुठे वाऱ्याने, हे त्यात नीट दाखवलं आहे. धरणाखाली जमिनी जातात, माणसं उठतात, हेही लपवलेलं नाही. माझं भांडण स्वाध्यायाशी आहे. पारंपरिक आणि अपारंपरिक स्रोतांतला फरक सांगा. जलविद्युत, सौर आणि पवन ऊर्जेला नवीकरणक्षम का म्हणतात याची शास्त्रीय कारणं द्या. हे दोन प्रश्न वर्गात शिरले की उरलेला धडा बाहेर जातो. फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे संपणारे स्रोत, उजवीकडे न संपणारे. गाईडमध्ये तयार उत्तर असतं, मुलं ते घोकतात, दोन-तीन गुण पडतात आणि सगळे मोकळे होतात.

आता ही रेघ आमच्या भंडारदऱ्याच्या परिसरात ओढून बघा. इथे ती एक तासही टिकत नाही. माझ्या वर्गात ती एका मुलाने एका वाक्यात मोडली. पोरगा घाटघर बाजूचा, मागच्या बाकावर बसणारा, एरवी तोंड न उघडणारा. फळ्यावरचे दोन्ही रकाने भरून झाले, मी खडू ठेवला, तर हा विचारतो, “बाई, आमच्या घाटघरचं केंद्र कुठं लिहायचं?” मी म्हटलं, पाणी आहे ना, उजवीकडे. तो म्हणाला, “पण ते वीज खातं ना बाई. देतं त्याच्यापेक्षा जास्त खातं, असं आमच्याकडचे कामावर जाणारे सांगतात.”

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

घाटघर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रतनगडाच्या पोटात उगवणारी प्रवरा पूर्वेला वाहत भंडारदऱ्याच्या जलाशयात येते, पुढे गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच जलाशयाच्या पश्चिम टोकाला, कोकणकड्याच्या अगदी काठावर घाटघर. पाऊस इतका की जिल्ह्यात त्याच्याशी कुणी बरोबरी करत नाही. कड्याच्या वर एक छोटं धरण आहे. कड्याच्या तळाशी, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, चोंढे गावाजवळ दुसरं. दोन्हींच्या पातळीत सुमारे चारशे मीटरचा फरक. मधल्या डोंगराच्या पोटात वीजघर, आणि त्यात १२५ मेगावॉटचे दोन संच. वीज हवी असेल तेव्हा वरचं पाणी बोगद्यातून खाली पडतं आणि टर्बाइन फिरवतं. नको असेल तेव्हा तेच यंत्र उलटं फिरतं, पंप होतं, आणि खालचं पाणी पुन्हा वर ढकलतं. जपानच्या कर्जातून उभी राहिलेली ही योजना २००८ साली चालू झाली. पूर्वेचं पाणी पश्चिमेला उतरतं आणि पुन्हा माघारी चढतं. सह्याद्रीची पाणलोट-रेषा इथे हे येणंजाणं सोसते.

अशा योजनेत साधारण चार युनिट वीज घालावी तेव्हा तीन युनिट परत मिळते. उरलेली घर्षणात, यंत्रात आणि बोगद्यातल्या खळखळाटात जाते. म्हणजे घाटघर हा ऊर्जेचा स्रोतच नाही. ती साठवण आहे. मग तिच्यात साठवलेली वीज नवीकरणीय की नाही, हे पाण्यावर ठरत नाही, पाणी वर चढवायला कुठली वीज लावली त्यावर ठरतं. योजना आखली तेव्हाचा हिशेब असा होता: रात्री मागणी पडते, पण कोळशाचं केंद्र घरच्या चुलीसारखं पाणी मारून विझवता येत नाही. बॉयलर थंड झाला की पुन्हा तापायला तास न् तास लागतात. तेव्हा रात्रीची ती फुकट जाणारी वीज पाणी वर चढवण्यात घालवायची आणि संध्याकाळी घरोघर दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू झाले की ते पाणी सोडायचं. आता हिशेब उलटा होऊ लागला आहे. सौर पॅनेल इतकी झाली की दुपारी वीज ओसंडते आणि सूर्य मावळताच ओढाताण सुरू होते. २०२५ च्या वीजदर आदेशात उद्योगांसाठीचे स्वस्त विजेचे तास रात्रीवरून दिवसावर आणले गेले, ते याच कारणाने. पाणी तेच, बोगदा तोच, कडा तोच. पण रात्री चढवलेलं पाणी चंद्रपूरच्या कोळशाचं आणि दुपारी चढवलेलं सूर्याचं.

त्या पोराचा प्रश्न फळ्यावर कुठे लिहायचा, तुम्हीच सांगा.

तुम्ही म्हणाल, एका अपवादासाठी सगळा धडा का हलवायचा? पण हा अपवाद राहणार नाही. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी आणि टोरंट पॉवर या दोन कंपन्यांशी मिळून १३,०५० मेगावॉटच्या अशाच, पाणी वर उपसून साठवणाऱ्या, म्हणजे उदंचन योजनांचे करार केले. घाटघरच्या बावन्नपट. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्याचं उदंचन धोरणही आलं. कर्जत, मावळ, जुन्नर ही त्यातली काही नावं, म्हणजे पुन्हा हाच घाटमाथा. जिथे कडा सरळ तुटतो आणि पाणी थोड्या अंतरात पुष्कळ उतरतं, तिथे अशा योजना बसतात, आणि तसा कडा सह्याद्रीपाशी भरपूर आहे. या पट्ट्यातल्या मुलांच्या घराशेजारी, शेताखाली, देवराईच्या अंगाने ही बांधकामं येणार आहेत. ग्रामसभेत हात वर करायची वेळ येईल तेव्हा त्यांना ‘पाणी म्हणजे नवीकरणीय’ एवढंच ठाऊक असेल, तर त्या हाताला काय अर्थ?

माझी पहिली मागणी त्यामुळे साधी आहे. धड्यात साठवणीला स्वतंत्र जागा द्या. उदंचन योजना आणि बॅटरी दोन्ही त्यात येऊ द्या. आकृती घाटघरची काढा. आपल्याकडे ती आहे, उसनी आणायची गरज नाही.

दुसरी मागणी गणिताची. या धड्यात मेगावॉटचे आकडे आहेत, पण मुलाने स्वतः कागदावर मांडावं असं उदाहरण हवं तितकं नाही. आमच्याकडे मी एक करून घेते. पंधरा लिटरचा हंडा, विहीर वस्तीपासून तीस मीटर खाली. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. पंधरा, नऊ पूर्णांक आठ, तीस: ४,४१० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटाएवढं काम पाण्यावर व्हायला हंड्याच्या आठशेहून जास्त खेपा, आणि बाईच्या स्वतःच्या अंगाचं वजन वर नेण्याचे कष्ट त्यात धरलेलेच नाहीत. मुली हे उदाहरण मुलांपेक्षा लवकर सोडवतात. उन्हाळ्यात पाणी कोण आणतं ते त्यांना माहीत असतं. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस पडतो त्याच डोंगरावर एप्रिल-मेमध्ये झऱ्यावर रांग लागते, हा विषय वेगळा. पण तो या गणितातून आपोआप वर येतो आणि मी त्याला थांबवत नाही.

मग त्याच सूत्रात एक हजार लिटर घालायचे, गच्चीवर असते तेवढी टाकी, आणि उंची चारशे मीटर. ३९ लाख ज्यूल, म्हणजे साधारण एक युनिट. घाटघरच्या कड्यावरून एक टाकी खाली सोडली की एक युनिट, तेही सगळं जमून आलं तर. मुलं मग स्वतःच विचारतात: भंडारदऱ्याच्या धरणात किती टाक्या?

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हा हिशेब वर्गात झाला त्या दिवशी मीसुद्धा दोनदा तपासला. भंडारदऱ्याचा जलाशय ११,०३९ दशलक्ष घनफुटांचा. घनमीटरमध्ये सुमारे ३१ कोटी २६ लाख. धरणाची उंची ८२ मीटर. समजा, उदार होऊन, धरणातला थेंब न् थेंब पूर्ण ८२ मीटरवरून पडला आणि यंत्रात काहीच वाया गेलं नाही. तसं कधीच होत नाही, पण धरू. उत्तर येतं सुमारे ७ कोटी युनिट. आता चंद्रपूरचं औष्णिक केंद्र, २,९२० मेगावॉट. ते पूर्ण क्षमतेने चोवीस तास चाललं तर एका दिवसात ७ कोटी युनिट. अख्खं भंडारदरा, काठोकाठ भरलेलं, म्हणजे चंद्रपूरचा एक दिवस. खरा उतार धरला तर तोही पुरता नाही. पुढे रंधा धबधबा ओलांडून कोदणीला तेच पाणी दुसऱ्या वीजघरात पुन्हा पडतं, ती जमा वेगळी मांडावी लागेल. तरी चित्र बदलत नाही.

हे उत्तर आलं तेव्हा वर्ग गप्प झाला. भंडारदरा ही त्यांच्या जगातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरतं का याच्यावर इथे पैजा लागतात. एवढं पाणी आणि कोळशाचा एक दिवस? एका मुलीने वहीत लिहिलं, ‘कोळसा इतका दाट का?’ याहून चांगला प्रश्न ऊर्जेच्या धड्यात मी ऐकलेला नाही. उत्तर आपल्या राज्याच्या जमिनीतच आहे. चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातला कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. भंडारदऱ्याच्या भिंतीखालचा काळा पाषाण, कळसूबाई, रतनगड, अलंग-कुलंग हे सगळं लाव्हाचं. त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे आपण जाळतो तो कोळसा सह्याद्रीच्या चौपट म्हातारा. त्या काळचं ऊन त्यात दाबून बसलेलं आहे. चंद्रपूरने एका दिवसात जे जाळलं ते पुन्हा घडायला किती वर्षं, आणि भंडारदरा पुन्हा भरायला किती? कोटी वर्षं आणि एक पावसाळा. फरक इथे आहे. तो रकान्याचा नाही, वेगाचा आहे: वापरायचा वेग आणि भरून यायचा वेग.

वेग एकदा हातात आला की मुलं स्वतःच बाकीचं उलगडतात. त्यांना जळाऊ लाकूड कुठे लिहायचं ते सांगावं लागत नाही. पाठ्यपुस्तकी उत्तर: लाकूड नवीकरणीय, स्वयंपाकाचा गॅस नाही. आमच्या वाड्यापाड्यांवरची गोष्ट अशी की हिरडा, जांभूळ, करवंद यांवर घर चालतं आणि जंगल अभयारण्यात आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ चं. झाड जेवढं वाढतं त्यापेक्षा जास्त तोडलं की लाकूड कोळशासारखंच संपतं, आणि मोळीची वाट दर वर्षी लांबत जाते. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून सिलिंडर आले. सिलिंडरमधला गॅस पेट्रोलियमचाच, म्हणजे डाव्या रकान्यातला. पण त्याने झाड वाचतं आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईची छाती वाचते. रिकामा सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा मोळी. न संपणारा स्रोत वाचवायला संपणारा वापरावा लागतो, हे ज्या मुलीने घरी पाहिलं आहे तिला फळ्यावरच्या रेघेचं काय करायचं ते कळत नाही, आणि परीक्षेत मात्र तिला रेघच लिहायची असते. युरेनियमचंही तेच. तारापूर १९६९ पासून चालू आहे, धूर नाही, पण इंधन खाणीतलं. रकाना कोणता?

भंडारदऱ्याच्या पाण्याकडे परत येते, कारण त्यातही एक गोष्ट धड्यात कुठेच सापडत नाही. हे धरण विजेसाठी बांधलेलंच नव्हतं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १० डिसेंबर १९२६ ला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन धरण. हेतू दुष्काळी भागाला पाणी देण्याचा. संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातात. धरणाच्या पायथ्याचं वीजघर ऐंशीच्या दशकात आलं. त्याआधीची साठ वर्षं ते पाणी काही न फिरवता खाली गेलं. आजही पाणी सुटतं ते सिंचनाच्या आवर्तनाप्रमाणे. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन. कालवा मागेल तेव्हा वीज. वीज मागेल तेव्हा पाणी, असं नाही. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत धरण, पाइप, टर्बाइन आणि पलीकडे मोकळी नदी असते. त्या नदीच्या पुढे लोक बसलेले असतात, ते आकृतीत नाहीत. नगर-नाशिकने जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावर दर दुष्काळात जे चालतं ते आकृतीत घालावं असं मी म्हणत नाही. तेवढं धाडस तुमच्याकडून मागणं अन्याय होईल.

आणि त्या कालव्यांचं पुढे काय झालं? ऊस झाला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला, तो याच पाण्यावर. आज राज्यातले कितीतरी कारखाने उसाच्या बगॅसवर बॉयलर चालवून वीज करतात आणि उरलेली विकतात. उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास बगॅस निघतो. सरकारी हिशेबात ही वीज नवीकरणीय, आणि धड्याच्या तर्कानेही ती तशीच. पण तिच्यामागे ऊस आहे, उसामागे बारा महिने पाणी, पाण्यामागे हे धरण, आणि उसाला घातलेला युरिया नैसर्गिक वायूपासून बनलेला. एकाच नदीवर, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, साठवण आहे, धरण आहे, कालवा आहे, चिपाडाची वीज आहे. मुलाने नदीच्या बाजूने चालत जावं तसा हा धडा लिहिता आला तर? मला वाटतं त्याला पाठांतर लागणारच नाही.

धरणाच्या वयाबद्दलही एक शब्द. पाणी दर वर्षी नवं येतं, भिंत येत नाही. भंडारदऱ्याची भिंत चुन्यात बांधलेली, दगडी. १९६९ मध्ये तिला तडे गेले, गळती दिसली, आणि पुढे मागच्या बाजूने आधार बांधून ती मजबूत करावी लागली. गाळ दर पावसाळ्यात थोडा थोडा येतोच. पवनचक्कीची पाती झिजतात, सौर पॅनेल पंचवीसेक वर्षांनी म्हातारं होतं आणि त्याच्या काचेचं, चांदीचं, शिशाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ‘न संपणारा स्रोत’ हे ऊन-वारा-पावसाबद्दल खरं. ते पकडणाऱ्या यंत्राबद्दल खरं नाही. हे दोन वाक्यांत सांगता येतं. सांगा.

आणि विस्थापनाचं वाक्य धड्यात आहे म्हटलं, पण ते निनावी आहे. महाराष्ट्रात त्याला नाव आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीत सत्याग्रह केला तो टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध. धरण झालं, भिऱ्याचं वीजघर झालं, मुंबईचे दिवे लागले. जगात धरणाविरुद्ध इतक्या आधी उभं राहिलेलं आंदोलन क्वचितच सापडेल, आणि ते आपल्या मुलांना इतिहासात भेटलं तर भेटतं, विज्ञानात भेटत नाही. भंडारदरा आणि निळवंडे धरणांखाली ज्यांची शेतं गेली त्यांची नातवंडं राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत हाच धडा वाचतात. त्यांना ‘काही गावे पाण्याखाली जाण्याची शक्यता असते’ अशा धर्तीचं वाक्य वाचायला लावणं मला जड जातं. शक्यता कसली? गेली.

एवढं सगळं एका धड्यात कसं बसवायचं, हे तुमच्या मनात आलं असेल. तासिका मोजक्या, पानं मोजकी, बोर्डाचा आराखडा ठरलेला. मला त्याची जाणीव आहे. मीही अभ्यासक्रम पुरा करण्याच्या शर्यतीत धावते. म्हणून जास्त पानं मागत नाही. सहा केंद्रांच्या सहा आकृत्यांपैकी दोन कमी करा. सौर पॅनेल सोडलं तर टर्बाइन-जनित्राचा भाग सगळीकडे सारखाच आहे, तो एकदाच काढा. वाचलेल्या जागेत एक प्रकल्प द्या: आपल्या गावात वर्षाच्या बारा महिन्यांत ऊन कधी, वारा कधी, पाणी कधी, आणि विजेची गरज कधी, याचा तक्ता. इथला तक्ता कसा येतो ते सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघरला ढग खाली उतरतात, दिवस दिवस ऊन दिसत नाही, छतावरचं पॅनेल झोपतं. त्याच दिवसांत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पारनेरच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या सर्वांत जोरात फिरतात. मार्च-एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, वारा पडलेला, आणि शेतीपंप सगळे चालू. एक कमी तिथे दुसरं भर घालतं. शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना राज्यभर राबवली जाते आहे, तिचं कारणही या तक्त्यात दिसतं. दर्यापूरच्या मुलाचा तक्ता वेगळा येईल, वेंगुर्ल्याच्या मुलीचा वेगळा. दोन्ही बरोबर. गाईडवाल्यांना मात्र तो आयता छापता येणार नाही, हा त्याचा एक जादा फायदा.

शिक्षकांसाठीच्या सूचनेत एक ओळ घाला: जवळच्या ऊर्जाकेंद्राला भेट. नाशिककडच्यांना एकलहरे आहे, कोकणातल्यांना भिरा, साताऱ्याकडच्यांना कोयना. परवानगीचं लिगाड असतं, वीजघरांत मुलांना सहजी नेता येत नाही, हे खरं. पण बोर्डाच्या पुस्तकात भेट छापलेली असली की मुख्याध्यापक अर्ज करतात आणि साहेब सही करतात. छापलेलं नसलं की दोघेही टाळतात.

येत्या १० डिसेंबर २०२६ ला विल्सन धरणाला शंभर वर्षं पूर्ण होतील. सत्कार, भाषणं, रोषणाई होईल ते होवो. तुमच्या समितीने त्या सुमारास एक बैठक धरणाजवळच्या शेंडीत घ्यावी, असं माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. राजूरपर्यंत एसटी आहे, पुढे जीप मिळते, डिसेंबरात थंडी कडाक्याची असते तेव्हा गरम कपडे आणा. सकाळी धरणाच्या भिंतीवर, दुपारी घाटघरच्या कड्यावर. माझे विद्यार्थी तुम्हाला सगळं दाखवतील, आणि प्रश्नही विचारतील, तयारीने या.

नव्या स्वाध्यायासाठी एक प्रश्न सोबत पाठवते. वर्गात वापरून पाहिलेला आहे.

प्र. घाटघरच्या वरच्या जलाशयात एक हजार लिटर पाणी चढवण्यासाठी (अ) रात्री कोळशाच्या केंद्रातली वीज वापरली, (आ) दुपारी सौर वीज वापरली. संध्याकाळी तेच पाणी सोडून वीज केली. दोन्ही वेळी किती युनिट मिळाली? मिळालेली वीज नवीकरणीय म्हणाल का? तुमचं उत्तर घाटघरच्या, चोंढ्याच्या आणि चंद्रपूरच्या एकेका रहिवाशाला पटेल का, ते तिघांच्या बाजूने लिहा. (५ गुण)

पहिल्या भागाला उत्तरसूची आहे. उरलेल्याला गुण कसे द्यायचे ते तपासणाऱ्यावर सोपवा, आणि एकच उत्तर बरोबर धरलं जाणार नाही असं कृपया कंसात छापा.

कळावे,
आपली,
अकोले तालुक्यातली एक विज्ञान शिक्षिका